मुद्दल राखणारी उद्याननगरी

न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च हे दक्षिण आल्प्सच्या हिमशिखरांचे प्रवेशद्वार. येथून सुटणारी रेल्वे आर्थर्स पासमार्गे पश्चिम किनाऱ्याला पोहोचते. मात्र गाडी गाठण्याच्या घाईत प्रवाशाने हॅग्ली पार्क चुकवू नये. शहराच्या मध्यभागातील ही सुमारे १६५ हेक्टर भूमी १८५५ मध्ये कायद्याने जनतेसाठी कायमची राखून ठेवण्यात आली. तेथील वनस्पती उद्यान १८६३ पासूनचे.

२२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात १८५ जणांचे प्राण गेले. एव्हन नदीकाठची हजारो घरे पाडावी लागली. त्या रिकाम्या भूमीवर आता वृक्षराजीचा पट्टा आकार घेत आहे. मुद्दलाला हात न लावता पिढ्यान्‌पिढ्या व्याज भोगावे, हा पेढीचा जुना नियम या नगरीने भूमीच्या बाबतीत पाळला आहे.