ताटलीत उरलेली पिन

दिवाळीच्या सुट्टीत मी बसवनगुडीला मामांकडे होतो. त्यांच्या जुन्या १०० सीसी मोटारसायकलची चेन कुरकुरत होती. "मामा, मीच करतो," असे मी मोठ्या ऐटीत म्हणालो. त्यांनी गाडीची पुस्तिका आणि पाने माझ्या हाती दिले आणि ते पेपर वाचत बसले.

डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने चेन साफ केली, ९० नंबरचे तेल लावले. चेन ढिलीही होती. म्हणून नट सैल करून, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवत मागचे चाक मागे घेतले. चाक मागे सरकले की मागचा ब्रेक घट्ट होतो आणि तोही पुन्हा जुळवावा लागतो, हे पुस्तिका वाचली म्हणून कळले. दोन तास गेले.

मामी गांधी बाजारला जायला मागे बसणार, तोच मामांनी ताटलीकडे बोट दाखवले. "ही कुठली रे?"

स्प्लिट पिन! ब्रेकची आधारपट्टी धरणाऱ्या नटातून ती आरपार जाते. ती नसेल तर हादऱ्यांनी नट सुटू शकतो. आणि पट्टी निसटली तर ब्रेक दाबताच ब्रेकची थाळीच चाकाबरोबर फिरू लागते. मामी रिक्षाने गेल्या. मी बसने जे. सी. रोडला जाऊन नवी पिन आणली, कारण वाकवलेली पिन पुन्हा वापरायची नसते.

काही जण म्हणतील, मेकॅनिक असताना हे उद्योग कशाला? आक्षेप खरा आहे, त्या दिवशी त्याचा पुरावा मीच होतो. तरी माझे मत बदललेले नाही. मेकॅनिकने काम केले असते, तर ती पिन कशासाठी असते हे मला कळलेच नसते. सैन्यात दुरुस्तीला ईएमई आहे, तरीही गाडी काढण्याआधी 'फर्स्ट परेड' चालकच करतो: तेल, पाणी, हवा, ब्रेक. आपण बूट आरशासारखे चमकवतो. १८ व्या वर्षी गिअरच्या गाडीचे लायसन्स काढण्याआधी पानाही धरायला शिकावे.

मात्र नवशिक्याने चेन, तेल, हवा एवढ्यावरच सुरुवात करावी आणि झालेले काम जाणत्याला दाखवावे. शाळेत यासाठी रविवारचा एक तास मिळाला, तर पहिले नाव माझे लिहा.

दुसऱ्या दिवशी मामी गाडीवर बसल्या, पण आधी ताटली रिकामी आहे ना, हे त्यांनी स्वतः पाहिले.