बंद केलेला संगणक आपोआप सुरू होतो तेव्हा



दिवा, पंखा, मिक्सर यांचे बटन बंद केले की वीज तुटते आणि यंत्र थांबते. संगणकाचे तसे नाही. 'शट डाउन' करून आपण उठतो, पडदा काळा होतो, आतल्या पंख्याचा आवाज थांबतो, आणि दोन-चार सेकंदांत तोच संगणक पुन्हा घरघर करीत उठून बसतो. काही घरांत तो लगेच उठत नाही. रात्री सगळे निजल्यावर किंवा पहाटे उठतो. ही तक्रार घेऊन अलीकडे आमच्याकडे बरीच मंडळी आली, म्हणून आज सदराची सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे.

आपल्या वस्त्यांतून घरी येणारा संगणक बहुधा नवा नसतो. कुठल्या तरी कचेरीने काढून टाकलेला, कोणाच्या ओळखीने सात-आठ हजारांत मिळालेला, मुलांच्या अभ्यासासाठी आणलेला असतो. तो असा वागू लागला की दुरुस्तीवाल्याचे पहिले वाक्य ठरलेले: "मदरबोर्ड गेला." ऐकणाऱ्याला मदरबोर्ड कशाशी खातात हे ठाऊक नसते, सबब तो मान डोलावतो. आमच्या शेजारच्या चाळीतील एका भगिनीला असेच सांगून साडेतीन हजारांचा खर्च काढून दिला. त्या रुग्णालयात आया म्हणून कामाला आहेत. मुलगी बारावी कॉमर्सला, प्रोजेक्ट अर्धवट, आणि साडेतीन हजार म्हणजे तिच्या क्लासच्या फीचा हप्ता. प्रत्यक्षात त्या यंत्रात काय निघाले ते पुढे येईलच.

आधी यंत्राची रचना समजून घेऊ. १९९५ मध्ये इंटेल कंपनीने 'एटीएक्स' नावाची रचना आणली. त्याआधीच्या संगणकाचे बटन खरोखरीचे बटन होते. विंडोज ९५ काम आवरून पडद्यावर नारिंगी अक्षरांत, आता संगणक बंद करावयास हरकत नाही, अशा अर्थाचे वाक्य दाखवी आणि मग आपण हाताने खटका पाडायचा. आम्ही कॉलेजात असताना हे वाक्य कितीदा पाहिले असेल! एटीएक्समध्ये हे बदलले. पुढचे बटन आता वीज तोडत नाही, ते मदरबोर्डला नुसती खूण करते. भिंतीवरचा स्विच चालू असेपर्यंत पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डकडे चालूच राहते. म्हणजे घर निजले तरी दारात एक राखणदार जागा आहे असे समजा. बटनाची खूण आली, कीबोर्डची कळ दाबली गेली, नेटवर्कच्या तारेवरून निरोप आला किंवा नेमून दिलेली वेळ झाली, की हा राखणदार एका हिरव्या तारेवरून पॉवर सप्लायला इशारा करतो आणि सारे घर उठते. तेव्हा आपल्याला शोधावयाचे ते एवढेच की, राखणदाराला उठविले कोणी?

संगणक बंद होताच लगेच उठत असेल तर पहिला संशय विंडोजवर घ्यावा. पुष्कळदा तो बंद झालेलाच नसतो. बंद होता होता आत काही तरी अडखळते, विंडोज कोसळते, आणि कोसळले की आपोआप पुन्हा सुरू व्हावे अशी सूचना तिला मुळातच दिलेली असते. ती सूचना काढण्यासाठी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि 'आर' ही कळ एकत्र दाबावी. छोटी चौकट उघडेल. तीत इंग्रजीत एस-वाय-एस-डी-एम, मग टिंब, मग सी-पी-एल अशी अक्षरे जागा न सोडता टाईप करून एंटर करावे. 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'खाली 'सेटिंग्ज' आहे; तेथे 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' यापुढची बरोबरची खूण काढून टाकावी.

यामुळे दोष जात नाही, तो फक्त दिसू लागतो. पुढच्या वेळी बंद करताना संगणक उठण्याऐवजी निळ्या पडद्यावर थांबेल (विंडोज ११ च्या ताज्या आवृत्तीत हा पडदा काळा आहे). त्यावरील इंग्रजी ओळ वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावी. तिच्यात पुष्कळदा एखाद्या फाइलचे नाव असते, आणि त्यावरून प्रिंटर, वाय-फाय किंवा पडद्याचा कोणता ड्रायव्हर अडवतो आहे ते कळते. तो ड्रायव्हर काढून कंपनीच्या अधिकृत जागेवरून नवा घातला की काम होते. हे दुखणे जुनेच आहे. १९९९ मध्ये विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा बंद होण्याच्या तक्रारींसाठी मायक्रोसॉफ्टला वेगळी दुरुस्ती काढावी लागली होती.

दुसरा संशयित म्हणजे 'फास्ट स्टार्टअप'. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ही सोय आली. हिच्यामुळे 'शट डाउन' म्हटले तरी विंडोज पुरती बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते, म्हणजे सकाळी लवकर उठता यावे. जुन्या मदरबोर्डाला हे अर्धवट निजणे नेहमी मानवतेच असे नाही. परीक्षा सोपी आहे. शिफ्टची कळ दाबून धरावी आणि तशीच धरून 'शट डाउन'वर क्लिक करावे. अशाने संगणक पूर्ण बंद होतो. मग तो बंदच राहिला तर चोर सापडला. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', त्यात डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ, आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढून 'सेव्ह चेंजेस'. सकाळी सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागेल, तेवढ्यात चहा होतो.

आता उशिराने, आपल्या मर्जीने उठणारा संगणक. येथे आधी घरच्यांना विचारावे की, आपण 'शट डाउन' करतो की 'स्लीप'? बरीच मुले स्लीप करून उठतात आणि आईला सांगतात बंद केला. स्लीपमधील संगणक माऊसच्या हलण्यानेसुद्धा उठतो, आणि रस्त्यावरून डंपर गेला की आमच्या भागातील निम्मी टेबले हलतात. कोणी उठविले हे संगणकालाच विचारता येते. 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'पॉवर' हा इंग्रजी शब्द, त्याला लागूनच सी-एफ-जी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'लास्टवेक' असे एकसंध टाईप करून एंटर केले, की शेवटी कोणत्या उपकरणाने जागे केले ते लिहून येते. माऊस किंवा नेटवर्क कार्डाचे नाव आले तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या उपकरणावर दोनदा क्लिक करून 'पॉवर मॅनेजमेंट'च्या पानावरील, या उपकरणाला संगणक उठविण्याची मुभा देणारी खूण काढावी. मात्र पूर्ण बंद केलेला संगणक उठला असेल तर त्याचे कारण येथे बहुधा मिळत नाही. त्यासाठी बायोसकडे जावे लागते.

कचेरीतून आलेल्या संगणकांचा खरा घोळ येथेच असतो. मोठ्या कचेऱ्यांत शेकडो संगणक एकाच वेळी सांभाळायचे असतात. म्हणून त्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागी होणाऱ्या मूळ यंत्रणेत, नेटवर्कवरून उठविण्याची सोय चालू केलेली असते, कधी रोज ठराविक वेळी आपोआप उठण्याची वेळही घातलेली असते. विकताना हे कोणी पुसत नाही. वर सांगितलेल्या भगिनीचा संगणक रोज सकाळी पावणेनऊला उठत असे. हे त्यांच्या मुलीने ओळखले. दहा दिवस तिने वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या, आणि त्या वहीत शनिवार-रविवार कोरे होते! पाच दिवसांच्या आठवड्याची नोकरी यंत्र अजून इमाने करीत होते. मदरबोर्ड बिघडला असता तर त्याला शनिवार कसा कळला असता? बायोस उघडले तर 'ऑटो ऑन'ची वेळ पावणेनऊ आणि पुढे 'वीकडेज'. ते 'डिसेबल्ड' करून साठविले. खर्च शून्य रुपये.

बायोस उघडण्यासाठी संगणक सुरू होताच कळ दाबत राहावी लागते. डेलच्या यंत्रांत एफ-२, एचपीच्या यंत्रांत एफ-१०, लेनोव्होच्या थिंकसेंटरमध्ये एफ-१, आणि बाजारात जोडून घेतलेल्या संगणकांत बहुधा डिलीट. आत 'वेक ऑन लॅन', कीबोर्डवरून उठणे आणि वेळेवर उठणे हे तिन्ही बंद करावे. माहीत नसलेल्या बाकीच्या कशालाही हात लावू नये. बायोसला जुन्या कचेरीचा पासवर्ड असेल तर आपण अडकतो, म्हणून जुना संगणक घेतानाच विकणाऱ्यासमोर बायोस उघडून पाहावे आणि पासवर्ड असल्यास तेथेच काढून घ्यावा.

बायोसमध्ये आणखी एक कलम असते: वीज जाऊन परत आल्यावर काय करावे. 'ऑन' असेल तर वीज येताच संगणक उठतो, 'लास्ट स्टेट' असेल तर आधी होता तसा राहतो. गावाकडे जेथे वीज येते-जाते, तेथे रात्री उठणाऱ्या संगणकाचे कारण पुष्कळदा हेच असते. रात्री भिंतीवरचा स्विच बंद करून सकाळी लावल्याबरोबर संगणक सुरू होतो, हीही तीच गोष्ट. ते 'ऑफ' करावे. असा उठलेला संगणक रात्रभर रिकामा चालला आणि ६० वॅट वीज खात असला, तर आठ तासांत अर्धा युनिट, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. हातावर पोट असणाऱ्याला तेही जड आहे.

हे सारे करूनही उठत असेल तर मग यंत्राकडे वळावे. बंद करण्याआधी पेन ड्राइव्ह, प्रिंटर, नेटवर्कची तार, सगळे काढून पाहावे. बंद राहिला तर एकेक परत लावीत जावे. पुढचे बटन चिकटते का पाहावे. धूळ आणि तेलकट वाफ बसून ते आत अडकते, आणि स्वयंपाकघर व संगणक एकाच खोलीत असणाऱ्या आपल्या घरांत हे हटकून होते. बटन सलग चार सेकंद दाबलेले राहिले की संगणक जबरीने बंद होतो, म्हणून उठतो, लगेच बंद पडतो, असा खेळ दिसला तर बटनच तपासावे. बटनाची तार मदरबोर्डावरून काढून ठेवल्यावर संगणक निमूट बंद राहिला, तर दोष बटनाचा, आणि ते स्वस्तात बदलून मिळते.

शेवटी राहिला पॉवर सप्लाय. तो खराब असू शकतो, त्यातील फुगलेले कॅपॅसिटर असा त्रास देतात. पण तो पत्र्याचा डबा घरी मुळीच उघडू नये. आपल्या २३० व्होल्टवर आतील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. मुलांना हे बजावून सांगावे. दुकानदाराला मात्र दुसरा चांगला पॉवर सप्लाय जोडून दाखवा असे म्हणता येते, दहा मिनिटांचे काम आहे. त्यानेही फरक पडला नाही तरच मदरबोर्डची गोष्ट काढू द्यावी, आणि भाग बदललाच तर जुना भाग मागून घ्यावा.

ज्यांना आम्हाला लिहावयाचे असेल त्यांनी संगणकाचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि निदान आठवडाभराच्या उठण्याच्या वेळा वारासह लिहून पाठवाव्यात.