ताई, एक बॉल टाका ना!

वीकेंडला इगतपुरी-नाशिकचा बेत असला की पडघा आपल्याला ठाऊक असतं ते टोलनाक्यापुरतं. फास्टॅगचा बीप वाजला की गाण्याचा आवाज परत वाढवायचा, संपलं. परवा मात्र आम्ही तिथे चहाला थांबलो. गोडाउनच्या रांगेमागे एका रिकाम्या प्लॉटवर पोरं खेळत होती. टेनिस बॉल, विटांचे स्टम्प आणि बॉलिंग चक्क अंडरआर्म.

‘‘हाताने जोरात का नाही टाकत?’’ मी विचारलं.

‘‘बॉल पत्र्यावर जातो ताई. वॉचमन परत देत नाही.’’

भिवंडीच्या आसपास शेतांची गोडाउनं झाली. आपण मोबाईलवरून मागवलेले शूज इथल्याच एखाद्या शेडमधून येतात. तर सांगायचा मुद्दा, तो अंडरआर्म बघून माझा हात आपोआप खांद्यातून गोल फिरला. सॉफ्टबॉल! शाळेत मी पिचर होते.

नाव सॉफ्ट, पण बॉल अजिबात सॉफ्ट नाही हं. परीघ बारा इंच, लागला की आठवडाभर निळं. मुलींसाठी पिचरपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर 43 फूट, म्हणजे बॅटरला विचार करायला वेळच नाही. गंमत म्हणजे हा खेळ टाइमपासमधून जन्मला. 1887 साली शिकागोच्या एका बोट क्लबात फुटबॉल मॅचचा निकाल ऐकायला जमलेल्या मंडळींनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून बॉल केला आणि झाडूच्या दांड्याने तो मारला. ऑलिंपिकने त्याला 1996 मध्ये आत घेतलं, 2008 नंतर बाहेर काढलं, टोकियोत पुन्हा बोलावलं, पॅरिसला विसरले. आता 2028 ला लॉस एंजेलिसमध्ये परत.

आमच्या शाळेत मात्र तो एकाच कारणाने फेमस होता. राज्य पातळीवर खेळलं की दहावीला वाढीव मार्क! खोटं कशाला बोलू, मीही त्यासाठीच गेले. आमचे पी.टी.चे सर दर रविवारी सकाळी स्वतः चुन्याने डायमंड आखायचे. शाळेची मुलं, शेजारच्या चाळीतली पोरं, कुणाची तरी धाकटी बहीण, सगळ्यांना उभं करायचे. त्याचे ना पैसे, ना प्रमोशन. माझा मार्कांचा फॉर्म त्यांनीच भरून दिला. रिझल्ट लागला आणि मी ग्राउंडवर गेले नाही. पेढे द्यायलासुद्धा नाही.

अशा माणसांना मराठीत छान शब्द आहे, हौशी. आपण तो जरा हिणवूनच वापरतो, ‘हौशी कलाकार’ म्हणतो तसा. पण कबड्डीच्या राष्ट्रीय फेडरेशनच्या नावातच ‘अमॅच्युअर’ आहे. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींनी याच हौशी कबड्डीपायी आयुष्य घातलं. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी फक्त प्रदर्शनापुरती होती, 1990 ला बीजिंगमध्ये ती पदकाचा खेळ झाली आणि भारताने गोल्ड आणलं. प्रो कबड्डीचे लाइट्स लागले ते थेट 2014 ला. बुवांचा वाढदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. सॉफ्टबॉलवाल्या सरांचा वाढदिवस मला माहीतच नाही.

आता आमचा ऑफिसचा ग्रुप तासावर टर्फ बुक करतो. दोघं लेट आले की अर्धी मॅच पाण्यात आणि पैसे पूर्ण. बोलणार कोणाला?

‘‘ताई, एक टाका ना,’’ पोरगा बॉल पुढे करून म्हणाला. टाकला. टप्पाच नाही, सरळ त्याच्या डोक्यावरून! बॉल पत्र्यावर धाडकन आदळला आणि आत पडला. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. गेटवर जाऊन वॉचमनकाकांना ‘सॉरी काका’ म्हणत बॉल मागून आणला. मला मात्र त्यांनी दिला.

त्या रात्री जुन्या मैत्रिणीकडून सरांचा नंबर मिळवला. फोन लावायला दोन दिवस लागले. मी नाव सांगून माफीची प्रस्तावना सुरू केली, तर मध्येच तोडत म्हणाले, ‘‘रविवारी मोकळी आहेस? सातला ये. गुडघ्यामुळे मला वाकता येत नाही, चुना टाकायला माणूस हवंय.’’