अंगठा परत घ्या

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्यात मोबाइलच्या दुकानात थोडा वेळ टेकलात तर एक तक्रार हमखास कानावर पडते. ‘फोनात व्हायरस शिरलाय, सारखं टुंगटुंग वाजतंय बघा.’ दुकानात गर्दी असेल तर उपाय ठरलेला: फॉरमॅट मारा. शे-दोनशे रुपये जातात, नातवाच्या बारशाचे फोटो जातात आणि थोड्याच दिवसांत फोन पुन्हा पहिल्यासारखा वाजायला लागतो. कारण पुष्कळदा व्हायरस नसतोच. कुठल्या तरी वेबसाइटला केव्हाही संदेश पाठवायची परवानगी मालकानेच दिलेली असते आणि ती दिल्याचं त्याच्या गावीही नसतं, म्हणून फॉरमॅटनंतर तो ती पुन्हा देतो.

ही परवानगी हातातून जाते कशी, ते पाहण्यासारखं आहे. पोरीचा दहावीचा निकाल लागलाय, पीएम किसानचा हप्ता जमा झाला का बघायचंय, सांगलीत हळद काय भावाने गेली ते हवंय. माणूस घाईत असतो. शोधायला गेला की सरकारी साइट राहते बाजूला आणि तिच्यासारखीच दिसणारी भलतीच साइट उघडते. पान नीट दिसायच्या आत चौकट आडवी येते: नोटिफिकेशन पाठवू का? खाली दोन बटणं, अलाऊ आणि ब्लॉक. निकाल चौकटीच्या मागे आणि चौकट वाटेत. अंगठा अलाऊवर पडतो. काही साइट तर याहून बेरकी. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं पानावर बाण काढून लिहितात. माणूस असण्याचा आणि त्या बटणाचा काडीचाही संबंध नाही. मग रात्री अकराला ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस सापडले’, पहाटे ‘तुमचं बक्षीस थांबलंय’, आणि मधल्या वेळात कुठल्याशा नटीने काय केलं ते.

साइट तर केव्हाच बंद केली, मग हे येतं कुठून? परवानगी मिळाली की त्या साइटचा एक लहानसा प्रोग्राम ब्राउझरजवळ मुक्कामाला राहतो. संदेश ब्राउझरच्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत येतो आणि त्या प्रोग्रामला जागं करतो. साइट उघडी असायची गरजच नाही. ही सोय मुळात वाईट नव्हती. २०१५ च्या एप्रिलमध्ये क्रोमने ती आणली, पुढच्या वर्षी फायरफॉक्सने. ॲप न घेताही ताजी बातमी किंवा आलेला मेल कळावा, एवढाच हेतू. पण ज्याला माणसाच्या खिशात जाहिरात पोचवायची आहे त्याला यापेक्षा स्वस्त वाट कुठली मिळणार? जाहिरातीवर बोट पडलं की साइटवाल्याला पैसे. म्हणून ती चौकट जिथे तिथे उगवू लागली. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१९ मध्ये आकडे मोजले तेव्हा शंभरातल्या जवळजवळ नव्याण्णव चौकटींना लोक होकार देत नव्हते, आणि ४८ टक्के वेळा तर सरळ नकार देत होते. जगातला इतका नावडता प्रश्न दुसरा क्वचितच असेल. तरी विचारणारे थांबले नाहीत, कारण शंभरातला एक अडकला तरी त्यांचं भागतं. (ज्या पेपरात तुम्ही हे वाचताय त्यासकट मराठी वर्तमानपत्रांच्या साइटही हा प्रश्न विचारण्यात मागे नसतात, हे संपादकांनी छापलं तर त्यांचे आभार.)

न वाचता उठवलेला अंगठा आपल्या भागाला नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा राग माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जखतं बाहेर काढून जाळली गेली. त्या खतांवर निशाण्या त्यांच्याच होत्या, मजकूर मात्र त्यांचा नव्हता. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या ४ जिल्ह्यांना तो लागू झाला. आष्ट्याचा वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, म्हणजे आष्ट्याच्या शेतकऱ्यालाही तो कायदा लागू होता. शेतकऱ्याने खत करायचं ते गावच्या रजिस्ट्रारासमोर, आणि नुसती निशाणी बघून न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जायची मुभा कोर्टाला. त्याने सावकारी संपली नाही. पण ‘अंगठा तुझा आहे ना, मग बोलू नकोस’ हा युक्तिवाद निदान कायद्याने तरी मोडीत काढला.

ब्राउझरवाल्यांना ही अक्कल यायला काही वर्षं लागली. २०२० च्या जानेवारीत फायरफॉक्सने ती चौकट आपणहून पुढे येणंच बंद केलं, फेब्रुवारीत क्रोमने तिचा आवाज खाली आणला. २०२५ च्या ऑक्टोबरात गूगलने सांगितलं की अशा संदेशांपैकी एक टक्काही संदेशांना लोक हात लावत नाहीत. तेव्हा ज्या साइटकडे तुम्ही फिरकत नाही आणि जी सारखी पिडते तिची परवानगी क्रोम स्वतःच काढून घेईल. चांगलं आहे. पण गावाकडे फोन असतात थोरल्या मुलाने वापरून आईकडे दिलेले, वर्षानुवर्षं अपडेट न झालेले. तिथे आपला हात जगन्नाथ.

आणि ते काम अवघड नाही. आधी संदेश कुणाचा ते बघा. वरचा पडदा खाली ओढला की ब्राउझरमधून आलेल्या संदेशावर क्रोमचं चिन्ह आणि साइटचं नाव बारीक अक्षरात असतं. त्या संदेशावर टिचकी मारू नका, बोट दाबून धरा. तिथूनच ती साइट बंद करायची वाट निघते. एकदम साफसफाई करायची तर क्रोमच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी निघते. ती यादी पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. एकेक नाव उघडून ब्लॉक करायचं आणि वरचं मुख्य बटणही बंद ठेवायचं, म्हणजे नवी साइट विचारणारच नाही. कॉम्प्युटरवरही वाट हीच, फक्त आधी ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये शिरावं लागतं. नुसती हिस्टरी पुसून हे जात नाही. १९०९ वर डीएनडी लावूनही जात नाही, कारण ते नको असलेले फोन आणि एसएमएस यांच्यासाठी आहे. ब्राउझरचे संदेश इंटरनेटवरून येतात. व्हायरसच्या भीतीने कुणी टिचकी मारली आणि खात्यातून पैसे गेले, तर मात्र सेटिंग्ज बघत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

काही जण वैतागून फोनचे सगळेच आवाज बंद करून टाकतात. ते आपल्याकडे परवडणारं नाही. आष्टा कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधलं गाव. पावसाळ्यात कोयनेतून किती पाणी सोडलं आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी किती झाली, यावर इथे जनावरं हलवायची की नाही ते ठरतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरगंही सांगेल. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ती बातमी लॉटरी आणि नट्यांच्या ढिगाखाली गेली, किंवा आवाजच बंद असल्याने सकाळी दिसली, तर नुकसान काय ते वेगळं सांगायला नको. सरकारने २०२३ मध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा अनेकांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवत असेल. तो इशारा मोबाइलच्या टॉवरवरून येतो. साइटच्या परवानग्या काढल्या म्हणून तो थांबत नाही. कारखान्याचा ऊसबिलाचा एसएमएसही थांबत नाही. म्हणजे बंद करायचं ते नेमकं बंद करता येतं.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या काकूंच्या फोनची यादी काढली. कुठली तरी भरती, कुठला तरी फुकट सिनेमा, इंग्रजीतली धड वाचता न येणारी नावं. ‘ही कुणी घातली माझ्यात?’ त्यांनी विचारलं. तुम्हीच, असं म्हणायचा धीर झाला नाही. नातवाकडे बोट दाखवलं. एकेक नाव वाचत ब्लॉक करत गेलो. शेवटी राशिभविष्याची एक साइट राहिली, रोज सकाळी साताला संदेश पाठवणारी. तिच्यावर बोट ठेवणार तोच काकूंनी फोन ओढून घेतला. ‘ती ऱ्हाऊ दे. ती मी समजून उमजून लावलीया.’