शेवळाची नोंद रानात जाऊन करा

पहिल्या पावसाच्या सुमाराला पेणच्या बाजारात ठाकर आणि कातकरी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेजारी काकडाची आंबट फळं हवीतच, कारण शेवळं खाजरी. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. आतला पिवळा दाणेदार भाग काढून, काकडाचा रस घालून शिजवल्याशिवाय ती घशाला सोडत नाहीत.

आपण ज्याला शेवळं म्हणतो तो अॅमॉर्फोफॅलस कम्युटेटसचा न उमललेला फुलोरा. सुरण त्याचा सख्खा भाऊ, एकाच प्रजातीतला. अळू त्याच कुळातलं, आणि नागाच्या फण्यासारखा फुलोरा काढणारा सापकांदाही. सुमात्रातला प्रचंड, कुजक्या वासाचा टायटन अॅरमसुद्धा शेवळाच्याच प्रजातीतला. काकडाचं कूळ मात्र वेगळं, सालई-गुग्गुळाचं.

शेवळाची ओळख अवघड आहे ती त्याच्या वर्षचक्रामुळे. आधी जमिनीतून नुसता फुलोरा येतो. तो सरल्यावर ठिपकेदार देठावर छत्रीसारखं एकच पान उभं राहतं. फुलोरा पाहिलेल्या माणसाला ते पान त्याच झाडाचं वाटतच नाही. पावसाळ्यानंतर तेही वाळतं आणि जमिनीवर काही उरत नाही. कंद खाली जिवंत असतो, वर मोकळी टेकडी दिसते.

विनोबांचं जन्मगाव असलेल्या गागोदे बुद्रुकसारख्या डोंगरालगतच्या गावांत म्हणूनच काळजी वाटते. जैवविविधता अधिनियम 2002 नुसार स्थानिक समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. ती उन्हाळ्यात कचेरीत बसून भरली, तर शेवळं तिच्यात येणारच नाहीत. मग ती टेकडी सपाट करताना कागदोपत्री कुणाचंच नुकसान होत नाही.

ही नोंद जूनमध्ये फुलोऱ्याची आणि पावसाळ्यात पानाची, अशी दोनदा करायला हवी. सोबत रानात जाणाऱ्या बायका हव्यात. कंद कुठे आहेत, किती शेवळं काढायची आणि बी धरायला किती ठेवायची, हे त्यांना विचारा. त्या दिवसाची त्यांची मजुरी बुडते. ती समितीने द्यावी, आणि त्यांची हरकत नसेल तर नोंदवहीत माहिती देणाऱ्या जाणकार म्हणून त्यांची नावं लिहावीत.