वही रद्दीत टाकू नका

मुलांनो, तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी नक्की असेल. आकाशातून विमान गेले, की सगळेच वर पाहतात. पण हा मुलगा नुसत्या आवाजावरून सांगतो, की ते प्रवासी विमान होते की लढाऊ. वर्तमानपत्रातील रणगाड्यांची आणि युद्धनौकांची चित्रे कापून तो वहीत चिकटवतो. प्रत्येक चित्राखाली वजन, वेग, पल्ला लिहून ठेवतो. ‘मोठेपणी कोण होणार?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर ठरलेले असते, ‘फौजेत जाणार!’

असाच एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाण्याचे त्याचे स्वप्न होते. दहावीच्या वर्षी डोळे तपासले. चष्म्याचा नंबर बराच मोठा निघाला. वैमानिक होणे शक्य नाही, हे स्पष्ट झाले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, आता या वह्यांचं काय करू?” मी घाईत होतो. मी म्हणालो, “अरे, सोड तो नाद. आता अभ्यासाला लाग.” त्याने माझे ऐकले. सातही वह्या रद्दीत दिल्या.

आज तो दुकान चालवतो. दुकान चांगले चालते, आणि प्रामाणिक धंद्यात कमीपणा मुळीच नाही. पण मध्यंतरी भेटला, तेव्हा आमच्या डोक्यावरून एक विमान गेले. त्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली. त्या क्षणी मला माझी चूक कळली. गणवेश त्याला मिळणार नव्हता, हे खरे होते. पण त्यासाठी सात वर्षांचा अभ्यास रद्दीत टाकण्याची काय गरज होती?

म्हणून आज मी तुम्हांला माझे मत स्पष्ट सांगतो. सैन्यात भरती होता आले नाही, तरी सैन्यविषयक आवड वाया जात नाही. मात्र त्या आवडीला एखाद्या हुन्नराची जोड द्यावी लागते. हुन्नर हा शब्द तुम्हांला परका नाही. तुमच्या घरी त्यालाच ‘हुनर’ म्हणतात.

सीमेवर एक जवान उभा असतो, तेव्हा त्याच्या पाठीशी साध्या कपड्यांतील कितीतरी माणसे उभी असतात. मुंबईच्या माझगाव गोदीचेच पाहा. तेथे ‘कलवरी’ वर्गाच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. पहिली २०१७ साली नौदलात दाखल झाली आणि सहावी २०२५ साली. त्या पोलादाला जोड देणारे वेल्डर, नळ्या बसवणारे फिटर, आराखडे काढणारे अभियंते हे काही नौसैनिक नव्हते. सुखोई-३० ही लढाऊ विमाने नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात जुळवली गेली. तीही नागरी कामगारांच्याच हातांनी. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. पुण्यातच तोफा, स्फोटके आणि लष्करी पूल यांवर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा आहेत. तेथे रसायनशास्त्र शिकलेली मुलगी जे काम करते, त्यावर जवानाचा जीव अवलंबून असतो.

आता एका मुलाची गोष्ट ऐका. तो रामेश्वरमचा. लहानपणी वर्तमानपत्रे वाटायचा. पक्षी कसे उडतात, हे शाळेत शिक्षकांनी समजावून सांगितले आणि उडण्याची ओढ त्याच्या मनात घर करून राहिली. चेन्नईच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला, पण फीला पैसे नव्हते. तेव्हा बहिणीने सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवल्या. तेथे तो विमानविद्या शिकला. शिक्षण संपल्यावर हवाई दलाच्या निवडीसाठी डेहराडूनला गेला. पंचवीस उमेदवार होते, जागा आठ होत्या. त्याचा क्रमांक नववा आला.

मुलांनो, नववा क्रमांक म्हणजे काय, याचा विचार करा. बहिणीच्या बांगड्या गहाण आणि दार अवघ्या एका पावलावर बंद! त्याला दुःख झाले. ते त्याने लपवलेही नाही. पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिले. पण विमानांचा नाद त्याने सोडला नाही. १९५८ साली त्याने संरक्षण मंत्रालयाच्या एका तांत्रिक विभागात नोकरी धरली. मूळ पगार महिना अडीचशे रुपये. पुढे त्याने देशासाठी उपग्रह सोडणारे अग्निबाण घडवले. १९८३ साली सुरू झालेल्या क्षेपणास्त्र योजनेचे नेतृत्व केले. १९८८ साली ‘पृथ्वी’ची आणि १९८९ साली ‘अग्नी’ची पहिली चाचणी झाली. तो मुलगा म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, हे तुम्ही ओळखलेच असेल.

तुम्ही म्हणाल, ‘सर, आम्हांला गणित जमत नाही. आम्ही काय करावे?’ तर दुसरे उदाहरण ऐका. पुण्याचे इतिहासकार गजानन भास्कर मेहेंदळे यांना युद्धशास्त्राची आवड होती. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी ते वार्ताहर म्हणून गेले होते. पुढे त्यांनी शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीचा अभ्यास हाती घेतला. त्या काळचे अनेक कागद फारसीत आहेत. ते मुळातून वाचता यावेत म्हणून ते फारसी शिकले. मराठीत त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला आणि २०११ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. २०२५ साली ते वारले, पण त्यांच्या ग्रंथांवाचून त्या काळातील मोहिमांचा अभ्यास आज पुरा होत नाही.

येथे तुमच्यासाठी एक खास गोष्ट आहे. मेहेंदळ्यांना जी लिपी मुद्दाम शिकावी लागली, ती तुम्ही पहिलीपासून लिहिता. फारसी तुम्हांला निराळी शिकावी लागेल, हे खरे. पण अर्धा डोंगर तुम्ही आधीच चढून आला आहात. लष्कर, फौज, तोफ, शिपाई, हवालदार, सुभेदार हे शब्द मराठीनेही आपलेसे केले आहेत. तुमच्या भाषेचे नावच पाहा. ‘उर्दू’ हा मुळात तुर्की शब्द आणि त्याचा अर्थ लष्कराची छावणी! उर्दू, मराठी आणि थोडी फारसी जाणणारा तरुण अभ्यासक जुन्या दप्तरखान्यात बसला, तर दख्खनच्या लढायांविषयी तो कितीतरी नवे सांगू शकेल. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षणशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. तेथे शिकून पुढे अध्यापन, संशोधन किंवा पत्रकारिता करता येते.

काही जण म्हणतात, ‘ही नुसती मनाची समजूत आहे. खरा मान गणवेशाचाच.’ या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. जो जवान छातीवर गोळी झेलतो, त्याची बरोबरी कारखान्यातील किंवा ग्रंथालयातील माणसाने करू नये. पण मानाची तुलना कशासाठी करायची? पाणबुडीचा एक सांधा कच्चा राहिला, तर आतल्या शूर नौसैनिकांचे शौर्य काय कामाचे? जोड पक्का देणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. त्याच्या कामामुळे माणसे सुखरूप घरी येतात.

आणखी एक गोष्ट मी कठोरपणे सांगणार आहे. बंदुकांची नावे पाठ असणे म्हणजे युद्धाची जाण असणे नव्हे. चित्रपटातील लढाई तीन तासांत संपते आणि नायक गाणे म्हणत परततो. खऱ्या लढाईनंतर गावागावांत तारा येत, आणि त्या वाचून दाखवण्याचा धीर पोस्टमनलाही होत नसे. ज्याला खरी आवड आहे, त्याने विजयाच्या तारखांबरोबर मेलेल्यांचे आकडेही वहीत लिहावेत. जखमींना कोठे नेले, अन्नपाणी कसे पोहोचले, पूल कोणी बांधले, हेही शोधावे. असा अभ्यास केला, की युद्धाची हौस उरत नाही, पण समज येते. देशाला अशा समजदार माणसांची फार गरज आहे.

मग आजपासून काय करावे? वही चालू ठेवा. चित्र चिकटवले, की त्याखाली एक प्रश्न लिहा: हे कशाचे बनले आहे? हे कसे चालते? हे का हरले? त्या प्रश्नांतून तुमचा विषय तुम्हांलाच सापडेल. कोणाला यंत्रे आवडतील, त्याने विज्ञानाकडे किंवा आय. टी. आय. कडे जावे. कोणाला नकाशे आवडतील, त्याने भूगोल धरावा. कोणाला माणसांच्या हकिकती आवडतील, त्याने भाषा आणि इतिहास धरावा. जवळ एखादा किल्ला असेल, तर तेथे जा आणि दरवाजा वळणावर का बांधला, ते पाहा. सैन्यात जायचे असेल, तर त्याचाही प्रयत्न जरूर करा. फक्त एक दार बंद झाले म्हणून घर सोडून जाऊ नका.

कलामांची गोष्ट मी अर्धीच सांगितली. ती पुरी करतो. ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर एक वृद्ध गृहस्थ वैमानिकाचा पोशाख घालून आले. वय चौऱ्याहत्तर. ते भारताचे राष्ट्रपती होते आणि तिन्ही दलांचे सरसेनापतीही. सहवैमानिकाच्या जागी बसून त्यांनी सुखोई विमानातून भरारी घेतली. डेहराडूनला नववा क्रमांक येऊन तेव्हा सुमारे अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.

सगळ्यांनाच अशी भरारी मिळेल, असे मी म्हणत नाही. पण वही रद्दीत टाकली असती, तर कलामांनाही ती मिळाली नसती. माझ्या त्या विद्यार्थ्याला जे सांगायला हवे होते, ते मी त्या दिवशी सांगितले नाही. म्हणून आज तुम्हांला सांगितले.