खालाचं वय आणि सरकारी कार्ड

'कुठली योजना चांगली?' हा प्रश्न मला पेणला बाजारात, रोह्याच्या गाडीत, अगदी लग्नाच्या दावतीतही विचारला जातो. मी शिक्षिका, विमा एजंट नाही. पण उर्दूही वाचते, मराठीही वाचते आणि मोबाईलवर फॉर्म भरते, एवढ्यावर मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी मला या खात्याचा कारभार देऊन टाकला आहे. माझं मत असं झालंय की हा प्रश्नच जरा चुकतो. आधी विचारायचं ते हे: घरात कागद कुठले आहेत, आणि त्यांवरची नावं-तारखा एकमेकांशी जुळतात का?

माझ्या खालाचंच घ्या. रोह्याला राहते. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली आणि फार दिवस थांबू नका म्हणाले. मुलगा कुवेतला. त्याने फोनवर विचारलं, पैसे किती पाठवू, बायकोच्या बांगड्या मोडू का? मी म्हटलं, थांब, सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढू. हे कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं. सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर हे पाच लाख दोघांत मिळून. ज्यांचं कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत आहे, त्यांच्या घरच्या सत्तरीपुढच्यांना जादा पाच लाख वेगळे.

पण खालाच्या आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९६१. कॅम्पमध्ये कुणीतरी अंदाजाने ठोकून दिलेली. हज करून आली तेव्हाच्या पासपोर्टवर १९५३. वय वंदना कार्डाला वयाचा पुरावा म्हणून फक्त आधार चालतं. म्हणजे चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, पाच नातवंडं, पासपोर्ट, सगळं बाजूला आणि सरकारदरबारी खाला अजून सत्तरीची झालेलीच नाही. ती हसून म्हणाली, "बेटी, लग्नाच्या वेळी कुणी माझं वय इतकं कमी केलं नव्हतं!"

त्यात भर म्हणजे आधारला जोडलेला नंबर मुलाच्या जुन्या सिमचा. तो कुवेतला गेला, सिम बंद पडलं. ओटीपी कुठे येणार?

शेवटी काम झालं ते पिवळ्या रेशनकार्डावर. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. २०१७ मध्ये नाव बदललं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने दीड लाखाचे पाच लाख झाले आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही दार उघडलं. इतकी वर्षं ही योजना आपल्या अंगणात आहे, तरी कितीतरी घरांत अजून 'ती गरिबांची' म्हणून कुणी विचारतच नाही. साठ ते सत्तरच्या मधल्यांसाठी तर आज हीच पहिली वाट आहे. खालाला पनवेलच्या बाजूच्या एका योजनेतल्या हॉस्पिटलात नेलं, आरोग्यमित्राने कागद पाहिले, मंजुरी आली. बांगड्या वाचल्या.

आता काही जण म्हणतात, आमची खाजगी पॉलिसी आहे, मग ती बंद करू का? माझ्या मते नको, निदान घाईने नको. खाजगी पॉलिसी असली तरी वय वंदना कार्ड काढता येतं. दोन्ही ठेवा. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरचं हॉस्पिटल सरकारी यादीत आहे का, आणि यादीत असलं तरी तुमच्या आजाराचं पॅकेज तिथे आहे का, हे विचारून मगच हप्त्याचा विचार करा. उलट ज्यांच्याकडे काहीच नाही आणि साखर-बीपी जुनं आहे, त्यांनी सत्तरीत नवी खाजगी पॉलिसी घेण्याआधी दहादा विचार करावा. तिथे जुन्या आजारांना काही वर्षं थांबावं लागू शकतं. सरकारी कार्डात जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांना सीजीएचएस, माजी सैनिकांना ईसीएचएस असतं. त्यांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावं लागतं. मी त्यांना सांगते, आहे तेच ठेवा. कारण तिथे रोजच्या गोळ्या मिळतात. आयुष्मान आणि फुले योजना दाखल झाल्यावरच कामाला येतात. दर महिन्याची साखरेची गोळी, साधी तपासणी, चष्मा यांचा खर्च घरातूनच. हे आधी सांगितलं नाही की म्हातारी माणसं कार्ड घेऊन दवाखान्यात जातात आणि खजील होऊन परत येतात.

आणखी एक अडचण आपल्यातलीच. आमच्या शेजारचे मामू म्हणाले, "विमा म्हणजे सूद, जुवा. या वयात नको." त्यांच्या शंकेला मी हसत नाही. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण आलिमांना विचारायला जाताना प्रश्न पुरता सांगावा: यात आपण हप्ता भरत नाही, करारावर पैसे लावत नाही, खर्च सरकार उचलतं. मामू विचारून आले आणि कार्ड काढलं. (मराठीतला 'विमा' हा फारसी वळणाच्या 'बीमा'चाच, आणि त्याच्या मुळाशी 'बीम', म्हणजे भीती. शब्दानेच घाबरवलं तर मामूंचा काय दोष!)

पेणमध्ये अर्बन बँकेचं २०१० ज्यांनी पाहिलंय ते कागदावर सही करायला कचरतात, हेही खरं. पण तीच माणसं दारात आलेल्या अनोळखी पोराला दोनशे रुपये आणि ओटीपी देऊन टाकतात. कार्ड फुकट आहे. आयुष्मान ॲपवर घरीच निघतं. मिठागरात, खारातल्या शेतात राबून बोटांचे ठसे पुसले गेले असतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. अडलं तर १४५५५ आणि फुले योजनेसाठी १५५३८८.

मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. सत्तरीच्या माणसाने आपलं वय सिद्ध करायचं, आणि तेही ज्याने चूक लिहिली त्याच्या दारात जाऊन. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलता येते, म्हणून पुरावा पक्का घेऊनच जावं लागतं. हे काम आजारपणात होत नाही, धडधाकट असतानाच करायचं. जमातीने जुम्म्यानंतर तासभर एक टेबल मांडलं, दोन पोरं मोबाईल घेऊन बसली, आणि माहिती उर्दूतही एका पानावर लिहून दिली, तर निम्मं काम होईल. पान मी लिहून ठेवलंय, झेरॉक्स कुणीही काढा.

खालाचं आधार आता दुरुस्त झालं, पासपोर्टच्या आधारावर. ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही त्यांच्यासाठी मी सुट्टीत शाळेचं जुनं दाखल-खारिज रजिस्टर चाळते. उर्दूत आहे, आकडेही उर्दू, शाई विटलेली. परवा रोह्याच्या एका आजोबांचं नाव सापडलं. जन्म १९५१. त्यांच्या आधारवर १९५८ आहे. उताऱ्यावर मुख्याध्यापकांची सही घेतलीय, तो कुठवर चालतो ते पाहायला सोमवारी त्यांच्याबरोबर आधार केंद्रावर जायचं आहे.